मोरा येथील सुरी-उद्योग : एका स्वस्त हत्याराचा इतिहास

हत्यारांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष साहजिकच मौल्यवान वस्तूंकडे वळते. राजेरजवाड्यांच्या तलवारी आणि जडावाच्या मुठींच्या कट्यारी संग्रहालयांत जपल्या जातात. त्यांच्यावर ग्रंथही होतात. शेतकऱ्याच्या, लाकूडतोड्याच्या किंवा गुराख्याच्या कमरेची सुरी मात्र वापरात झिजते, हरवते, मोडते, आणि तिच्या जागी दुसरी येते. तिचा मागोवा घेणे त्यामुळे कठीण होते. तथापि एखाद्या समाजाच्या आर्थिक जीवनावर जो प्रकाश अशा सामान्य हत्यारामुळे पडतो, तो रत्नजडित कट्यारीमुळे पडत नाही.

स्वीडनच्या दालार्ना प्रांतातील मोरा येथे तयार होणारी सुरी हे ह्या दृष्टीने एक उत्तम उदाहरण आहे. ही सुरी मिटणारी नव्हे. तिचे पाते मुठीत कायमचे बसविलेले असते आणि ती म्यानात ठेवावयाची असते. पात्याची लांबी सुमारे १० सेंटिमीटर आणि जाडी दोन ते अडीच मिलिमीटर असते. जुन्या धर्तीच्या सुरीची मूठ भूर्जाच्या लाकडाची, मध्ये किंचित फुगीर आणि तांबड्या रंगाची असते. तिच्यावर नक्षी नाही की कोणताही दागिना नाही. २०२० नंतरच्या काही वर्षांत तिचे साधे नमुने अमेरिकेच्या बाजारात सुमारे १५ ते २० डॉलरांना मिळत होते. त्याच कामासाठी एकेका कारागिराने घडविलेल्या सुरीला ह्याच्या कित्येक पट किंमत पडे. असे असूनही अरण्यात हिंडणारे हौशी प्रवासी, सुतारकाम शिकणारी मुले, सैनिक आणि बांधकामावरील कामगार ह्या सर्वांनी हीच स्वस्त सुरी पसंत केली. स्वस्त वस्तू म्हणजे हलकी वस्तू, हा व्यवहारातील सर्वमान्य समज येथे लागू का पडत नाही, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

१. भूमी आणि लोक

मोरा हे गाव सिल्यान सरोवराच्या उत्तर टोकाशी वसले आहे. स्वीडनच्या राजकीय इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. १५२० च्या अखेरीस डेन्मार्कच्या राजसत्तेविरुद्ध उठाव करण्याचे आवाहन गुस्ताव वासा ह्याने येथील शेतकऱ्यांना केले होते. त्या घटनेच्या स्मरणार्थ १९२२ पासून सेलन ते मोरा अशी बर्फावरील घसरपट्ट्यांची लांब पल्ल्याची शर्यत भरते. परंतु सुऱ्यांच्या इतिहासाच्या दृष्टीने त्या भूमीचे आर्थिक स्वरूप अधिक महत्त्वाचे आहे.

दालार्नामध्ये वडिलोपार्जित जमीन सर्व मुलामुलींत वाटण्याची रूढी दृढ होती. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होत गेल्याने शेतांचे बारीक तुकडे पडले, आणि एका कुटुंबाचे पोट केवळ शेतीवर भरणे अशक्य झाले. हिवाळा दीर्घ, पिकाचा हंगाम तोकडा, आणि जंगल मात्र अफाट. अशा परिस्थितीत लोकांनी दोन मार्ग धरले. एक म्हणजे हंगामी मजुरीसाठी परगावी जाणे. दालार्नातील स्त्रिया स्टॉकहोमपर्यंत कामाला जात असत. दुसरा मार्ग घरबसल्या जोडधंद्याचा. ह्या जोडधंद्यांत गावागावांची वाटणी होती: एका गावी एक वस्तू, दुसऱ्या गावी दुसरी. तयार झालेला माल पाठीवर किंवा बर्फगाडीवर लादून दूरच्या प्रांतांत न्यावयाचा आणि त्याच्या बदल्यात धान्य किंवा रोख रक्कम आणावयाची, अशी ही व्यवस्था होती.

मोरापासून काही किलोमीटरांवर असलेल्या ओस्टनोर ह्या खेड्याच्या वाट्याला धातुकाम आले. तेथे सतराव्या शतकापासून सुऱ्या होत आल्या आहेत. ह्या कारागिरांचे गिऱ्हाईक अनोळखी आणि दूरचे होते, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्रातील बलुतेदार लोहार विळा, कोयता किंवा नांगराचा फाळ ज्याच्यासाठी घडवीत असे, तो शेतकरी त्याच्या ओळखीचा असे. सुगीच्या वेळी मिळणारे धान्य हा त्याचा मोबदला असून हत्याराची पुढील दुरुस्तीही त्याच्याकडेच असे. ओस्टनोरच्या कारागिराला असा आधार नव्हता. विकलेली सुरी पुन्हा त्याच्याकडे येणार नव्हती. म्हणून ती अशी असणे आवश्यक होते की अनोळखी गिऱ्हाइकाला ती परवडावी, आणि तिची निगा त्याला स्वतःलाच राखता यावी. पुढील काळात ह्या सुरीचे जे गुण वाखाणले गेले, त्यांचे मूळ ह्या व्यापारपद्धतीत बरेचसे सापडते.

२. घड्याळ आणि सुरी

ओस्टनोरची खरी कीर्ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली ती सुऱ्यांमुळे नव्हे, घड्याळांमुळे. उंच पेटीत बसविलेली, कमरेशी फुगीर आकाराची ‘मोरा घड्याळे’ आज जुन्या वस्तूंच्या बाजारात मोठ्या किमतीला विकली जातात. ह्या धंद्याच्या आरंभकर्त्यांत क्रोंग आंडर्स आंडरसन (१७२७–१७९९) ह्याचे नाव घेतले जाते. घड्याळाचे निरनिराळे भाग निरनिराळ्या घरांत तयार होत आणि नंतर ते जुळविले जात. यंत्रयुग अवतरण्यापूर्वीच्या ह्या खेड्यात श्रमविभागणीचे तत्त्व अशा रीतीने पूर्णपणे रुजलेले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनी आणि अमेरिका येथील कारखान्यांतून स्वस्त घड्याळे येऊ लागली आणि हा धंदा बसला. भारतीय वाचकाला ही कथा अपरिचित नाही. धनंजयराव गाडगीळ ह्यांनी भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील आपल्या १९२४ सालच्या ग्रंथात देशी हस्तव्यवसायांच्या ऱ्हासाची जी कारणे दिली आहेत, त्यांत परदेशी मालाची स्पर्धा हे एक प्रमुख कारण आहे. ओस्टनोरच्या घड्याळांचा शेवट त्याच कारणाने झाला. सुरीच्या बाबतीत मात्र वेगळे घडले. घड्याळाचा धंदा ज्या स्वस्ताईने मारला, तीच स्वस्ताई सुरीच्या धंद्याने आत्मसात केली.

ह्या खेड्यातील धातुकामाचे सातत्य नावांवरूनही दिसते. दालार्नामध्ये व्यक्तीच्या नावाआधी तिच्या घराचे किंवा वाडीचे नाव लावण्याची चाल आहे. घड्याळजी आंडर्स ‘क्रोंग’ घराचा. पुढे १९१२ मध्ये सुऱ्यांचा कारखाना काढणारा यूहान एरिकसन हाही ‘क्रोंग’च. १८६५ मध्ये ओतकामाचा धंदा सुरू करणारा, ज्याची पेढी पुढे नळाच्या तोट्यांसाठी प्रसिद्ध झाली तो माट्स माटसन ‘फ्रॉस्ट’. आणि सुऱ्यांच्या पहिल्या मोठ्या कारखान्याचा संस्थापक एरिक एरसन हाही ‘फ्रॉस्ट’. घरनाव एक असले म्हणजे प्रत्यक्ष नाते सिद्ध होते असे नव्हे. परंतु एकाच वस्तीत धातू हाताळण्याचे ज्ञान एका धंद्यातून दुसऱ्यात कसे उतरत गेले, ह्याची कल्पना त्यावरून येते.

३. तिपदरी पाते

स्वीडन हा लोखंडाचा देश. तेथील दानेमुरा खाणीच्या शुद्ध खनिजापासून झालेले लोखंड शेफील्डच्या पोलादकारांना हवे असे. तरीही स्वीडनमधील सामान्य शेतकऱ्याला पोलाद महागच होते. कारण लोखंडात कर्बाचे प्रमाण योग्य तेवढे आणून त्याचे पोलाद करणे हे वेळखाऊ आणि इंधन खाणारे काम होते. म्हणून उत्तर युरोपातील लोहार फार पूर्वीपासून पोलाद काटकसरीने वापरीत आले. पात्याच्या मध्यभागी पोलादाची पातळ पट्टी ठेवावयाची, दोन्ही अंगांना मऊ लोखंड लावावयाचे, आणि भट्टीत तापवून घणाखाली हे तिन्ही पदर एकजीव करावयाचे, अशी ही रीत होती. आपल्याकडेही लोखंडी हत्याराच्या धारेपुरते पोलाद बसविण्याची पद्धत लोहारांना माहीत होती. तिच्यामागील हिशेब हाच.

मोराच्या सुरीचे तिपदरी पाते ह्याच परंपरेतले आहे. काटकसरीतून निघालेल्या ह्या युक्तीचा एक मोठा फायदा असा की, पाते अधिक चिवट झाले. पोलादाला पाणी देऊन ते कठीण केले की त्याची धार टिकते. पण तेच ठिसूळही होते आणि आघाताने तुटते. तिपदरी पात्यात मधला पदर कठीण राहतो आणि बाजूचे मऊ पदर त्याला आधार देतात. त्यामुळे पाते वाकले तरी सहसा तुटत नाही. शिवाय धार लावताना दगडाखाली बहुतांशी मऊ लोखंडच झिजवावयाचे असल्याने काम सोपे होते. येथे दारिद्र्यामुळे आलेली मर्यादा हीच गुणाचे कारण झाली आहे.

दुसरा विशेष धारेच्या घडणीचा. पुष्कळ सुऱ्यांच्या पात्याला दोन उतार असतात: एक रुंद, आणि धारेपाशी दुसरा अगदी अरुंद. मोराच्या सुरीला प्रत्येक बाजूस एकच रुंद, सपाट उतार असतो आणि तो थेट धारेपर्यंत जातो. धार लावताना कोन किती ठेवावा हा नवशिक्याला पडणारा प्रश्न येथे उद्‌भवतच नाही. तो उतार दगडावर सपाट टेकविला की कोन आपोआप साधतो. धार लावणाऱ्या कारागिराची गरज न उरल्याने वस्तीपासून दूर जंगलात महिनेच्या महिने राहणाऱ्या लाकूडतोड्याला ही सुरी सोयीची होती. हाच सपाट उतार लाकडावर टेकवून तासले असता सुरी रंध्याप्रमाणे चालते. म्हणून लाकूडकामाला ती विशेष मानवली.

तिच्यात उणीव नव्हती असे नाही. पात्याचे लोखंड मुठीच्या पूर्ण रुंदीत जात नाही. त्याची केवळ एक निमुळती शेपटी मुठीत शिरते. सुरीवर ओंडक्याने घाव घालून लाकूड फोडू पाहणाऱ्यास ही रचना दुबळी वाटते. परंतु तिच्यामुळे लोखंड वाचते, वजन कमी होते, आणि कडाक्याच्या थंडीत उघडा धातू हाताला लागत नाही. ज्या हवामानात आणि ज्या कामासाठी ही सुरी जन्मली, तेथे हा व्यवहार फायद्याचाच होता.

४. कारखान्याचा उदय

एकोणिसाव्या शतकात ह्या धंद्याभोवतीची परिस्थिती झपाट्याने पालटली. १८४६ मध्ये स्वीडनमधील कारागिरांच्या श्रेणी रद्द झाल्या आणि १८६४ मध्ये कोणालाही कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य कायद्याने मिळाले. पोलादाची टंचाईही संपुष्टात येऊ लागली. इंग्लंडात बेसेमर ह्याने शोधून काढलेली प्रक्रिया १८५८ मध्ये स्वीडनमध्ये यॉरान फ्रेड्रिक यॉरान्सन ह्याने यशस्वी करून दाखविली, आणि १८६२ मध्ये तिच्या आधारावर सांडविकन येथे कारखाना उभा राहिला. ह्याच उद्योगसंस्थेने १९६० मध्ये पुण्याजवळ दापोडी येथे आपली भारतीय शाखा काढली. मोराच्या न गंजणाऱ्या सुऱ्यांसाठी पुढे सांडविकचे पोलाद वापरले गेले. हा पोलादविभाग २०२२ मध्ये ‘आलेइमा’ ह्या नावाने मूळ संस्थेपासून स्वतंत्र झाला.

ह्याच काळात उत्तर स्वीडनमधील जंगलतोड मोठा उद्योग बनली, तर दुसरीकडे १८६७-६८ च्या दुष्काळानंतर अमेरिकेकडे जाणाऱ्यांचा ओघ वाढला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत दहा लाखांहून अधिक माणसांनी स्वीडन सोडले. ह्या ओघातूनच ओस्टनोरचा फ्रॉस्ट एरिक एरसन उत्तर अमेरिकेत गेला. तेथे चार वर्षे काम करून १८९१ मध्ये तो परतला आणि ओंडके वाहून नेणाऱ्या बर्फगाड्या बनविण्याचा कारखाना त्याने काढला. त्या कामासाठी सुऱ्या आणि इतर हत्यारे लागत. तीही तेथेच होऊ लागली. लवकरच गाड्या मागे पडल्या आणि सुऱ्या हाच मुख्य माल झाला. १८९० च्या सुमारास आगगाडी मोरापर्यंत पोहोचली, आणि पाठीवर माल वाहून नेणाऱ्या फेरीवाल्याची जागा तिने घेतली. १९१२ मध्ये क्रोंग-यूहान एरिकसन ह्याचा कारखाना निघाला. ह्यानंतर जवळजवळ शतकभर हे दोन कारखाने एकाच खेड्यात एकमेकांचे स्पर्धक म्हणून नांदले.

स्वीडनमध्ये सुऱ्यांचे ह्याहून प्रतिष्ठित केंद्र म्हणजे एस्किल्स्टूना. तेथील लोहारांना १७७१ मध्ये श्रेणींच्या निर्बंधांतून मुक्त अशी वसाहत मिळाली होती, आणि त्यांच्या सुबक मालाने मोठे नाव मिळविले. मोराच्या कारखान्यांनी सुबकतेत त्यांच्याशी बरोबरी करण्याचा प्रयत्न केला नाही. नमुने थोडे ठेवावयाचे, ते वर्षानुवर्षे बदलावयाचे नाहीत, आणि वाचलेला खर्च किमतीतून गिऱ्हाइकाला द्यावयाचा, हे त्यांचे धोरण राहिले. घणाच्या जागी यांत्रिक दाब आला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूर्जाच्या मुठीच्या जागी साच्यात ओतलेली प्लास्टिकची मूठ आणि कातड्याच्या म्यानाच्या जागी प्लास्टिकचे म्यान आले. पात्याची आकृती आणि धारेचा उतार मात्र जवळजवळ तसाच राहिला.

ह्या स्थित्यंतराची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. सुरी टिकली, पण सुरी घडविणारा गृहस्थ-कारागीर टिकला नाही. ज्या घरांतून पूर्वी भट्ट्या पेटत, त्या घरांतील माणसे कारखान्यातील कामगार झाली. कारखान्यांची संख्याही घटत गेली. २००५ मध्ये उरलेल्या दोन मोठ्या पेढ्यांचे एकत्रीकरण झाले आणि २०१६ मध्ये त्या संस्थेने ‘मोराक्नीव’ हे नाव धारण केले. धंदा गावाबाहेर गेला नाही, एवढे मात्र ओस्टनोरने साधले. आणि घड्याळाच्या धंद्याच्या तुलनेत ते लहान यश नव्हे.

५. शाळा, कार्यशाळा आणि कायदा

स्वीडनमध्ये ही सुरी घरोघरी पोहोचण्यास शिक्षणपद्धतीचेही साहाय्य झाले. ओटो सालोमोन (१८४९–१९०७) ह्याने नेस येथे शिक्षकांसाठी चालविलेल्या विद्यालयातून ‘स्लॉइड’ नावाची हस्तव्यवसाय-शिक्षणाची पद्धती जगभर पसरली. लाकडाच्या लहान लहान उपयुक्त वस्तू क्रमाक्रमाने करीत मुलाच्या हाताला, डोळ्याला आणि मनाला शिस्त लावावयाची, हे तिचे सूत्र. ह्या क्रमातील पहिले हत्यार म्हणजे सुरी. वर्गभर मुलांच्या हाती द्यावयाची सुरी स्वस्त असावी लागते आणि धोका टाळण्यासाठी ती धारदारही असावी लागते. कारण बोथट सुरी जोर लावल्यावर निसटते आणि हात कापते. मोराची सुरी दोन्ही अटी पुऱ्या करीत होती. अशा प्रकारे जे हत्यार गरजेपोटी शेतकऱ्याने कमरेला लावले होते, ते शाळेच्या द्वारे नागरिकांच्या हाती आले.

रंगारी, सुतार, वीजकामगार आणि कोळी ह्यांच्याकडेही ती असे. रंगाच्या डब्याचे झाकण उचकटण्यापासून दोर कापण्यापर्यंत कोणतेही काम तिच्याकडून बिनदिक्कत घेतले जाई. पुढे शहरांतील हिंसेच्या भीतीने १९८८ मध्ये स्वीडनमध्ये सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगण्यावर कायद्याने निर्बंध आले. कामासाठी सुरी बाळगणाऱ्यास त्यात सवलत आहे. एकाच वस्तूकडे हत्यार म्हणून पाहावयाचे की शस्त्र म्हणून, हा प्रश्न पूर्वी ओस्टनोरच्या शेतकऱ्याला पडला नव्हता. नागरी समाजाला तो पडला.

६. नवे गिऱ्हाईक

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ह्या सुरीला एक अगदी नवे गिऱ्हाईक लाभले. जंगलतोड यंत्रांनी होऊ लागली होती आणि उपजीविकेसाठी अरण्यात राहणारा वर्ग क्षीण झाला होता. त्याच वेळी शहरवासीयांत अरण्यविद्येची आवड वाढली. कॅनडातील मॉर्स कोचान्स्की (१९४०–२०१९) ह्यांच्यासारख्या शिक्षकांनी थोड्या हत्यारांनिशी उत्तरेकडील जंगलात कसे राहावे ह्याचे शास्त्रशुद्ध विवेचन केले आणि साध्या मोरा सुरीचा पुरस्कार केला. ओल्या जंगलात वाळक्या काटकीचे पातळ सालपे काढून विस्तव पेटविणे, लाकडाच्या खुंट्या, चमचे आणि सापळे करणे, मासे साफ करणे, ही ह्या विद्येतील कामे. आणि ती पातळ, सपाट उताराच्या पात्याने उत्तम होतात. जाडजूड, जड आणि आक्रमक दिसणाऱ्या महागड्या सुऱ्या ह्या कामात पुष्कळदा मागे पडतात, असा अनुभव अनेकांना आला.

परंतु केवळ कार्यक्षमता हे ह्या आकर्षणाचे संपूर्ण स्पष्टीकरण नव्हे. महाग वस्तूचा मालक तिला जपतो. तिच्यावर ओरखडा पडेल, ती नदीत पडेल, ह्या चिंतेने तो ती पेटीत ठेवतो, आणि मग ती हत्यार न राहता अलंकार होते. स्वस्त सुरीचा मालक ह्या चिंतेतून मुक्त असतो. तो ती चिखलात वापरतो, मित्राला उसनी देतो, मुलाच्या हाती शिकण्यासाठी ठेवतो. चुकीची धार लावून एखादे पाते बिघडले तरी तो धार लावण्यास शिकतो. वापराने कौशल्य येते आणि कौशल्याने हत्यारावरील विश्वास दृढ होतो.

ह्या प्रसिद्धीचा एक परिणाम उलटही झाला. २०१६ मध्ये कारखान्याने ‘गारबेरी’ ही सुरी बाजारात आणली. तिचे पोलाद मुठीच्या टोकापर्यंत अखंड गेलेले असून किंमत साध्या सुरीच्या कित्येक पट आहे. जुन्या रचनेतील दुबळेपणाचा जो आक्षेप नव्या गिऱ्हाइकांनी घेतला, त्याला हे उत्तर होते. म्हणजे ज्यांनी ह्या सुरीला तिच्या स्वस्ताईमुळे डोक्यावर घेतले, त्यांच्याच मागणीतून महाग मोरा सुरी जन्मली. साधे नमुने मात्र त्यानंतरही बाजारातून गेले नाहीत.

७. समारोप

स्वस्ताई दोन प्रकारची असते, असे ह्या इतिहासावरून म्हणावयास हरकत नाही. पहिली, वस्तूतील आवश्यक अंश काढून घेऊन आलेली. ती गिऱ्हाइकाला एकदाच फसविते. दुसरी, वस्तूतील अनावश्यक अंश काढून टाकून आलेली. ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मोराच्या सुरीतील स्वस्ताई दुसऱ्या प्रकारची आहे. महाग पोलाद, तुटपुंजी जमीन आणि दूरचे, बेताच्या ऐपतीचे गिऱ्हाईक ह्या तीन अडचणींनी तिला आकार दिला. पुढे पोलाद स्वस्त झाले, शेतकरी कामगार झाला आणि गिऱ्हाईक सधन झाले. तरी त्या अडचणींनी दिलेला आकार कायम राहिला, कारण तो कामाला योग्य होता.

हस्तव्यवसायांच्या ऱ्हासाचा अभ्यास करताना यंत्र विरुद्ध कारागीर असा सरळ संघर्ष मांडण्याची प्रथा आहे. ओस्टनोरचे उदाहरण ह्या मांडणीत थोडी भर घालते. त्याच खेड्यात, जवळपास त्याच वस्तीत, एक धंदा यंत्रापुढे नष्ट झाला आणि दुसरा यंत्र स्वीकारून जगला. घड्याळाचे मोल बरेचसे त्याच्या रूपात होते. सुरीचे मोल सर्वस्वी तिच्या उपयोगात होते. ज्या धंद्याचे मर्म उपयोगात असते, त्याला उत्पादनाची रीत बदलूनही आपले मर्म राखता येते. मात्र ह्यासाठी त्या खेड्याला आपल्या घरोघरच्या भट्ट्या विझवाव्या लागल्या, ह्याचीही नोंद इतिहासकाराने त्याच पानावर केली पाहिजे.